कित्ता आणि ठसा

एखाद्याच्या बोलण्याची नक्कल केली तर श्रोते हंसतात. एखाद्याच्या सहीची नक्कल केली तर प्रकरण फौजदारींत जातें. परंतु एखाद्याच्या अक्षराची नक्कल केली तर तिला काय म्हणावें, याचा विचार आपण क्वचितच केलेला असतो. आजवर तो करण्याची निकडही नव्हती. दुसऱ्याचें अक्षर उचलावयाचें तर त्यास वर्षानुवर्षांची मेहनत लागे, आणि एवढी मेहनत ज्यानें केली त्याचेंच तें अक्षर झालें असें मानण्यास कोणाची हरकत नसे. अलीकडे ही स्थिति पालटली आहे. जुन्या कागदाची यंत्रानें छायाप्रत घ्यावी, तींतील अक्षरें एकेक करून वेगळीं काढावीं, संगणकावर त्यांच्या कडा आंखाव्या, आणि कांहीं महिन्यांच्या श्रमानें असा फॉन्ट सिद्ध करावा कीं, पुढें कोणींही कळ दाबतांच वाटेल तो मजकूर त्या मृत लेखकाच्या हातचा असल्यासारखा पडद्यावर उमटावा, हें आतां सुसाध्य झालें आहे. जें सुसाध्य झालें तें योग्य आहे काय, आणि योग्य असल्यास कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्यामुळें आपल्यापुढें उभा राहतो. तो एकट्या मुद्रकांवर किंवा संगणकतज्ज्ञांवर सोंपवून चालणार नाहीं. ज्यांच्या घरीं आजोबांच्या हातची रोजकीर्द अथवा आजीच्या हातचीं चार पत्रें जपून ठेविलेलीं आहेत, अशा प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

विचार अधांतरीं राहूं नये म्हणून एक स्थळ डोळ्यांपुढें धरूं. पन्हाळगड त्याच्या तटबंदीसाठीं आणि वेढ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पण त्याची दुसरी, कांहींशी विसरली गेलेली, प्रसिद्धि लेखणीची आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं महाराणी ताराबाईंनीं येथें आपलें ठाणें केलें, आणि १७८२ त राजधानी कोल्हापुरास हलेपर्यंत करवीर राज्याचा कारभार या गडावरून चालला. रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारास याच दरबाराच्या आश्रयानें सिद्ध झालें. मोरोपंतांचा जन्म १७२९ त झाला तोही पन्हाळ्यासच. जेथें राजधानी तेथें दफ्तर, आणि जेथें दफ्तर तेथें कारकुनांचा राबता, हें ओघानेंच आलें. सनदा, ताकीदपत्रें, हिशेबाचे बंद, सारें मोडींत लिहिलें जाई. पत्रावर नांव राजाचें, मुद्रा राजाची. हात मात्र कोणा अनामिकाचा. मराठी राज्यांच्या अशा दफ्तरांच्या छायाप्रती आज ठिकठिकाणीं निघत आहेत. समजा, एखाद्या तरुणानें असाच एक सुरेख वळणाचा कागद पुढें ठेवून त्यावरून फॉन्ट करण्याचें मनांत आणलें. त्याच्या या उद्योगांत कोणाचा अपराध घडतो काय?

पहिला आक्षेप साहजिकच चोरीचा येईल. परंतु अक्षराच्या बाबतींत नुसत्या नकलेस चोरी म्हणूं लागलों तर आपल्यापैकीं कोणीही साव ठरणार नाहीं. धुळपाटीवर पंतोजींनीं काढून दिलेलें अक्षर गिरवीत गिरवीतच प्रत्येकाचा हात तयार झाला. कित्ता म्हणजे नक्कल करण्यासाठींच पुढें ठेविलेलें अक्षर. मोडीची जीं चिटणिशी, बिवलकरी अशीं वळणें जाणकार ओळखतात, तीं तरी काय आहेत? एका कुशल हाताचें अक्षर दहा शिष्यांनीं उचललें, त्या दहांचें शंभरांनीं उचललें, आणि एका माणसाची लकब एका दफ्तराची रीति होऊन बसली. नक्कल नसती तर वळण नसतें, आणि वळण नसतें तर एकाचें लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां आलें नसतें.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कागदावरील एका अक्षरांत तीन थर एकावर एक बसलेले असतात. तळाशीं लिपि असते. ती साऱ्या समाजाची, तिच्यावर कोणाचाही हक्क नाहीं. तिच्यावर वळण असतें. तें एखाद्या दफ्तराचें, पाठशाळेचें, काळाचें असतें. आणि सर्वांत वर त्या एकट्या माणसाचें अक्षर असतें. बोरू कोठें दाबावा, काना किती लांबवावा, ओळीच्या शेवटीं घाई कशी करावी, या त्याच्या संवयी त्यांत उतरलेल्या असतात. फॉन्ट करणारा पहिल्या थरास हात लावतो तेव्हां कोणाचेंच कांहीं घेत नाहीं. दुसऱ्या थरापाशीं तो एका परंपरेचा ऋणी होतो. तिसऱ्या थरापाशीं मात्र तो एका माणसाच्या अंगणांत पाऊल टाकतो, आणि तेथें विचारल्यावांचून जाणें हें सभ्यतेस सोडून आहे. छायाप्रत घेणाऱ्या यंत्रास हे तीन थर वेगळे दिसत नाहींत. तें तिन्ही एकदम उचलतें. म्हणून ते वेगळे ओळखण्याची जबाबदारी यंत्र चालविणाऱ्या माणसावर येते.

पण मग कित्ता गिरविणाराही तिन्ही थर उचलीतच होता. त्यास आपण दोष देत नाहीं तो कां? माझ्या मतें याचें उत्तर आपल्या भाषेंतच आहे. मराठींत ‘वळण’ हा एकच शब्द अक्षराच्या घाटासही लावतात आणि माणसाच्या शिस्तीसही लावतात. अक्षरास वळण लावतां लावतां मुलास वळण लागतें, असा जुन्या शिक्षकांचा अनुभव त्या शब्दांत साठला आहे. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस वाहिला. त्यांत ग्रंथाचें पहिलें अक्षर जसें निघालें तसेंच शेवटचें निघावें, सारा ग्रंथ एकाच टाकानें लिहिला असें वाटावें, अशी त्यांची अपेक्षा आहे. गंमत अशी कीं, समर्थांची ही अपेक्षा संगणकाचा फॉन्ट तंतोतंत पुरी करतो. त्याचें पहिलें ‘क’ आणि लाखावें ‘क’ यांत केसाचाही फरक नसतो. तरीही कोणी त्या फॉन्टला सुलेखनाचें श्रेय देणार नाहीं. कारण समर्थांस सारखेपणा हवा होता तो चित्ताच्या स्थैर्याची खूण म्हणून. हात थकला असतां, शाई सरत आली असतां, मन दुसरीकडे ओढ घेत असतां जो सारखेपणा टिकतो, त्याची थोरवी ते सांगत होते.

कित्ता आणि ठसा यांतील अंतर हें आहे. कित्ता गिरविणारा दुसऱ्याचें अक्षर घेतां घेतां स्वतः बदलतो, आणि अखेर त्या अक्षरांत स्वतःची कांहीं भर घालतो. घेतल्याची किंमत तो देहानें मोजतो. ठसा उमटविणारा होता तसाच राहतो. त्याच्या हातीं वस्तु येते, पण तिच्या मागची साधना येत नाहीं. याचा अर्थ ठसा पापाचा आहे असा नव्हे. अर्थ एवढाच कीं, जी किंमत कित्त्यांत आपोआप चुकती होत होती, ती ठशांत जाणूनबुजून, दुसऱ्या नाण्यानें, चुकवावी लागते. तें नाणें कोणतें, याचा शोध घ्यावयाचा आहे.

आपल्या मुद्रणाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. पन्हाळ्याहून फार दूर नसलेल्या मिरजेस १८०५ त भगवद्गीता छापली गेली. नाना फडणिसांच्या काळीं पुण्यांत इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयानें एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्यास शिकला होता. पुढें तो मिरजेस गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या उत्तेजनानें ही गीता निघाली. पोथीचें अक्षर पत्र्यावर उतरविणाऱ्या त्या कारागिराचा उल्लेख ‘तांबट’ म्हणूनच होत आला आहे. पुढें मुंबईस जावजी दादाजींनीं १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला. त्याचीं मुद्राक्षरें इतकीं नामांकित झालीं कीं, संस्कृत ग्रंथांच्या छपाईचें तें मानचिन्हच ठरलें. त्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरले राणूजी रावजी आरू यांनीं. निर्णयसागरचें नांव साऱ्या विद्वानांस ठाऊक. आरूंचें नांव मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे किती जणांच्या कानीं पडलें असेल? आपल्या काळांतील उदाहरण घ्यावयाचें तर ‘मंगल’ या फॉन्टचें घ्या. विंडोज संगणकावर मराठी लिहिणाऱ्या अगणित लोकांनीं वर्षानुवर्षें आपलीं पत्रें, अर्ज, शोकसंदेश त्याच अक्षरांत लिहिले. तीं अक्षरें रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं काढलेलीं होतीं, आणि ते २००८ त निवर्तले, हें लिहिणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस माहीत असेल. अक्षर जितकें यशस्वी तितकें तें वाचकाच्या नजरेआड होतें, आणि अक्षराबरोबर त्याचा कर्ताही नजरेआड होतो. नांव पुसलें जाणें हा या धंद्याचा जन्मजात कल आहे. त्यास अडविण्यासाठीं कोणीतरी मुद्दाम उठावें लागतें.

आतां आपल्या त्या कल्पित तरुणाकडे वळूं. तो कागदाची छायाप्रत घेतो, ती पुरेशी बारकाईची म्हणजे दर इंचास निदान सहाशें ठिपक्यांची असावी अशी खबरदारी घेतो, डाग व पिंवळेपणा काढून नुसतें काळें आणि पांढरें उरवितो, आणि काळ्याच्या कडेनें बिंदु मांडून वक्ररेषा आंखतो. या वक्ररेषांचें गणित गेल्या शतकांत बेझिए नांवाच्या फ्रेंच अभियंत्यानें मोटारींचीं अंगें आंखण्यासाठीं रूढ केलें. आज त्याच गणितानें अक्षरें बांधलीं जातात. मग प्रत्येक अक्षर एका काल्पनिक चौकटींत बसवावयाचें, त्याच्या दोहों बाजूंस किती जागा सोडावी तें ठरवावयाचें, काना, मात्रा, वेलांट्या कोठें लागाव्या याचे नियम घालावयाचे. येथवर सारें कारागिरीचें काम आहे. पण मोडीच्या कागदावर पहिल्याच दिवशीं त्यास एक अडचण येते, आणि ती कारागिरीची नाहीं, सत्याची आहे.

मोडी लिहिणारा आधीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळ ओढतो आणि मग तिच्याखालीं, होतां होईतों हात न उचलतां, अक्षरें लिहीत जातो. एक अक्षर संपून दुसरें कोठें सुरू झालें तें त्याचें त्यासही सांगतां येणार नाहीं; शब्दांमध्येंही तो जागा सोडीत नाहीं. फॉन्ट करणाऱ्यास मात्र प्रत्येक अक्षर सुटें हवें असतें. म्हणजे लेखकानें जेथें कधींही हात थांबविला नाहीं, नेमकें तेथें यानें कापलें पाहिजे. पुढची पायरी याहून कठीण. एका कागदावर ‘र’ चाळीस वेळां आला असेल तर तो चाळीस तऱ्हांचा आहे. शेजारचें अक्षर पाहून त्यानें आपलें अंग कमीजास्त वांकविलें आहे. यांपैकीं कोणता ‘र’ निवडावा? एक निवडला तर बाकीचे एकोणचाळीस खोटे ठरतात. सर्वांची सरासरी काढली तर जो ‘र’ निघतो तो त्या लेखकानें जन्मांत कधीं लिहिलेला नसतो. शिवाय जीं अक्षरें कागदांत नाहींतच त्यांचें काय? प्रश्नचिन्ह, टक्क्याची खूण, ‘ऑफिस’ मधला अर्धचंद्र, यांची त्या कारकुनास कधीं गरज पडली नाहीं. पण आजच्या फॉन्टला तीं लागतात. तीं सारीं त्या कारकुनाच्या हातीं नसलेल्या लेखणीनें लिहावीं लागतात.

जुन्या कागदांच्या संपादकांस हा पेंच फार पूर्वीं पडला होता, आणि त्यांनीं त्यावर प्रामाणिक तोड काढली होती. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ त प्रसिद्ध केला तेव्हांपासून आपल्याकडे ही शिस्त रुजत गेली कीं, कागद फाटला असेल तेथें फाटला म्हणून सांगावें, आणि संपादकानें शब्द भरला असेल तर तो कंसांत घालावा. फॉन्टला असा कंस नाहीं. खऱ्या कागदांतून काढलेला ‘र’ आणि काल संध्याकाळीं रचलेलें प्रश्नचिन्ह पडद्यावर शेजारीं शेजारीं उभीं राहतात आणि दोन्ही सारख्याच अधिकारानें बोलतात. पन्हाळ्याचा तट पाहणारास हा भेद चटकन् समजेल. शिलाहार भोजाच्या काळची बांधणी, पुढील आदिलशाही भर, त्यानंतरच्या दुरुस्त्या, असा तो अनेक हातांचा तट आहे. परंतु दगडाचा पोत, घडण, चुन्याचा जोड यांवरून जाणकारास कोठें काय झालें तें वाचतां येतें. जोड दिसतो म्हणूनच तो तट इतिहासाची साक्ष देऊं शकतो. फॉन्टचा तट एकसंध दिसतो, आणि तेथेंच धोका आहे.

तथापि, कंस नाहीं म्हणून प्रामाणिकपणास जागाच नाहीं, असें कोणी म्हणूं नये. प्रत्येक फॉन्टच्या पोटांत नांवांचा एक तक्ता असतो. त्यांत कर्त्याचें नांव, हक्क आणि वर्णन लिहिण्याच्या जागा राखलेल्या असतात. तेथें लिहावें कीं, हें वळण अमुक दफ्तराच्या अमुक सालच्या कागदावरून घेतलें, लेखकाचें नांव अमुक अथवा अज्ञात, इतकीं अक्षरें मूळचीं आणि इतकीं नव्यानें रचलेलीं. चार ओळींचें हें काम आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनें जैन कल्पसूत्राच्या १५०३ सालच्या पोथीवरून ‘जैनी’ नांवाचा फॉन्ट काढला, आणि त्या पोथीचें ऋण उघड सांगितलें. असें सांगितल्यानें नव्या कर्त्याचें श्रेय उणावत नाहीं. उलट त्यानें काय केलें आणि काय त्यास मिळालें, हें स्पष्ट झाल्यानें त्याच्या खऱ्या कामाची किंमत कळते.

येथवर आपण मृतांविषयीं बोललों. जिवंत माणसाच्या अक्षराचा प्रश्न अधिक तीव्र आहे, आणि तोही या प्रांतास परका नाहीं. कोल्हापूर हें रंगाऱ्यांचें गांव. बाबूराव मेस्त्रींस लोकांनीं ‘पेंटर’ हें नांव दिलें, आणि तेंच आडनांवासारखें त्यांना चिकटलें. इतका तेथें त्या कलेचा मान. दुकानांच्या पाट्या, नाटकसिनेमांचे फलक, मालमोटारींच्या पाठी, यांवर ब्रशानें अक्षरें काढणारे कारागीर गांवोगांव होते. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सच्या फलकांनीं त्यांचें काम पुष्कळसें हिरावून घेतलें. आणि आतां त्याच संगणकास ‘हातानें रंगविल्यासारखें’ अक्षर हवें झालें आहे, म्हणून जुन्या पाट्यांचीं छायाचित्रें काढून त्यांवरून फॉन्ट केले जात आहेत. ज्याची भाकरी गेली त्याच्याच अक्षराची आतां किंमत येऊं लागली. मात्र ती त्याच्या हातीं पडेल अशी व्यवस्था कोणीं केल्यावांचून होत नाहीं. दिल्लीचे हनीफ कुरेशी (हे २०२४ त वारले) यांनीं देशांतील अशा रंगाऱ्यांचीं अक्षरें फॉन्टरूपानें जपण्याचा जो उपक्रम चालविला, त्यांत त्या त्या फॉन्टला त्या रंगाऱ्याचें नांव दिलें आणि विक्रींत त्यास वांटा ठेविला. दया म्हणून नव्हे, हिशेब म्हणून हें योग्य होतें.

कायदा या बाबतींत आपल्यास फार दूर नेत नाहीं. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणें कलाकृतीवरील स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. म्हणजे करवीर दरबाराच्या कारकुनास तो कधींच उरलेला नाहीं. अमेरिकेंत तर मुद्राक्षरांच्या नुसत्या आकारास असें संरक्षणच नाहीं. तें मिळतें संगणकाच्या लेखास. म्हणजे ज्यानें अक्षराचा घाट शोधला त्यास कांहीं नाहीं, ज्यानें तो यंत्राच्या भाषेंत उतरविला त्यास हक्क. कायद्यास सीमा कोठेंतरी आंखावी लागते हें खरें. परंतु सभ्य माणसाचें कर्तव्य कायद्याच्या सीमेवर संपत नाहीं.

यावर एक व्यवहारी वाचक म्हणेल, “तो कारकून पोटासाठीं लिहीत होता. आपलें अक्षर कोणीं उचललें तर त्यास राग आला नसता, उलट आनंदच झाला असता. मग एवढा खल कशास?” या म्हणण्यांत तथ्य आहे. माझाही कल असा आहे कीं, वळणाच्या थरापर्यंत मृतांची संमति गृहीत धरावी; विस्मरणापेक्षां ऋण पतकरलेलें बरें. परंतु त्याला आनंद झाला असता तो कशाचा? आपलें अक्षर पुढें चाललें याचा. आपल्या अक्षरांत आपण कधीं न बोललेलें कोणी बोलत आहे, याचा आनंद कोणास होईल असें वाटत नाहीं. तिसऱ्या थराचा प्रश्न तेथें उभा राहतो.

‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतों. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना ‘धरावें’ असा हुकूम होता, तो एका अक्षराच्या फेरानें ‘मारावें’ असा झाला, अशी लोकांत रूढ झालेली हकीकत आहे. हकीकतीचा खरेखोटेपणा इतिहासकार पाहतील. पण ती लोकांच्या जिभेवर अडीचशें वर्षें टिकली, कारण अक्षर हें माणसाच्या जागीं उभें राहतें आणि म्हणून त्यांत फेर करणें म्हणजे माणसावर घाव घालणें, हें सर्वांस आंतून पटलें. ही भीति राज्यकर्त्यांसही होती. पत्राच्या मस्तकीं मुद्रा आणि मजकुराच्या शेवटीं लेखनसीमेचा शिक्का, अशी रीत त्यांनीं घालून दिली. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ हीं अक्षरें येथें लेखनाची मर्यादा झाली असें बजावीत. त्या शिक्क्याच्या खालीं कोणी एक ओळ वाढविली तर ती ओळ महाराजांची नव्हे, हें पाहणारास तत्काळ कळे.

हस्ताक्षरावरून केलेल्या फॉन्टला लेखनसीमा नसते. आजीच्या पत्रांवरून तिचें अक्षर उचलून नातवानें लग्नपत्रिका छापली तर त्यांत गोडवा आहे, आणि कोणाची फसवणूक नाहीं. सर्वांस ठाऊक असतें कीं आजी आतां नाहीं. पण त्याच अक्षरांत ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’ असें पत्र लिहून तें तिचें म्हणून धाकट्या भावंडाच्या हातीं ठेवलें, तर हेतु कितीही प्रेमळ असला तरी तें खोटें पत्र आहे. तीं अक्षरें आजीचीं आहेत. ते आशीर्वाद तिचे नाहींत. थोर पुरुषांच्या हस्ताक्षरांचे फॉन्ट करून त्यांत आपलीं मतें छापणारे याहून एक पायरी पुढें जातात. आकार उसना घेतां येतो, साक्ष उसनी घेतां येत नाहीं.

सोंग घेणें सर्वदा निंद्यच असतें असें मात्र कोणी समजूं नये. १६६० च्या जुलैंत सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून महाराज निसटले त्या रात्रीं शिवा काशीद महाराजांच्या वेषानें दुसऱ्या पालखींत बसला, आणि त्या साम्याची किंमत त्यानें प्राणानें दिली. त्याची समाधि पन्हाळ्यास आहे. त्या नकलेस आपण नमस्कार करतों, कारण ती मूळ पुरुषाच्या रक्षणासाठीं होती, त्याच्या संमतीनें होती, आणि तिचा भार नक्कल करणाऱ्यानें स्वतःच्या शिरावर घेतला होता. ज्या नकलेचा लाभ नक्कल करणारास आणि भार मूळ माणसाच्या नांवास, ती याच्या नेमकी उलट आहे. दुसऱ्याचें अक्षर हातीं घेणारानें या दोहोंपैकीं आपण कोणत्या बाजूस आहों, एवढें स्वतःस विचारलें तरी पुष्कळ प्रश्न सुटतील.

राहिली एक गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मोडी लिपि १९५० च्या सुमारास शाळांतून गेली. २०१४ त युनिकोड या जागतिक सांकेतिक कोष्टकांत तिला स्वतःचें स्थान मिळालें, आणि आज तिचे फॉन्ट निघत आहेत. हें उत्तमच झालें. परंतु फॉन्ट निघाला म्हणजे लिपि वांचली, अशी समजूत होऊन बसली तर ती आत्मवंचना ठरेल. पन्हाळ्यावर अंबरखान्याचीं गंगा, यमुना, सरस्वती नांवाचीं तीन प्रचंड कोठारें आहेत. वेढा पडला असतां तीं गडास जगवीत, तें त्यांच्या भिंतींच्या जाडीमुळें नव्हे, आंतील धान्य खाणारास पोंचत होतें म्हणून. आपलीं दफ्तरें अशींच भरलेलीं कोठारें आहेत. पण तीं उघडून वाचूं शकणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत. मोडीच्या फॉन्टमध्यें नांवाची पाटी छापून घेणारा, परंतु मोडीची एक ओळ वाचूं न शकणारा गृहस्थ हा कोठाराच्या भिंतीचें चित्र दिवाणखान्यांत लावणाऱ्या उपाशी माणसासारखा आहे.

म्हणून ठसा घेणारानें जी किंमत दुसऱ्या नाण्यानें चुकवावयाची, ती मला अशी दिसते: ज्याचें वळण घेतलें त्याचें नांव, आणि नांव माहीत नसल्यास त्याचें अनामिकपण, स्पष्ट लिहावें, जें स्वतः भरलें तें भरलें म्हणून सांगावें, जिवंत कारागिरास विचारावें आणि त्याचा वांटा द्यावा, कोणाच्याही हस्ताक्षरांत त्याच्या नांवानें बोलूं नये, आणि अखेरीस, ज्या लिपीचा ठसा घेतला तिचा निदान एक कित्ता तरी स्वतः गिरवावा. या शेवटच्या कलमास कोणी हंसेल. पण ज्यानें चार महिने बोरू धरून ओळीखालीं तीं अक्षरें लिहिलीं आहेत, त्यासच कळतें कीं कोणत्या ‘र’ मध्यें लेखकाचा हात थकला होता आणि कोणत्या ‘र’ मध्यें तो रंगांत आला होता. तें कळलेला माणूस चाळीसांतून एक ‘र’ निवडील तेव्हां त्याची निवड कदाचित् चुकेल. परंतु ती आंधळी असणार नाहीं, आणि ज्याच्याकडून घेतलें त्यास तो विसरणार नाहीं.